रोटाला आवतण नसतं

आमच्या गावच्या बर्डीला, म्हणजे गावालगतच्या डोंगराला, तीन मालक, म्हणून तिला वाली कोणी नव्हता. माथा वनखात्याचा, मधला उतार महसूलचा आणि पायथ्याचं गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात. पावसाला यातलं काही ठाऊक नसतं. तो माथ्यावर पडतो आणि कोणाची हद्द न विचारता खाली येतो. वनखात्याने माथ्यावर पाणी अडवायला आडवे चर खणले, चांगले खणले, पण खात्याचा हद्दीचा दगड आला तिथे चर थांबले. पुढची जमीन दुसऱ्या खात्याची, तिथे कुदळ कशी मारणार? मग चरांत साठलेलं पाणी त्या तोंडाशी फुटायचं, उघड्या उतारावरून सुसाट यायचं आणि गायरान फाडून आमच्या कापसात शिरायचं. गायरानात अशी घळ पडली होती की तीत बैल पडला तर काढायला ट्रॅक्टर आणावा लागे.

मी झुलाल. अमळनेर आणि धुळ्याच्या मधे आमचं अंजनवाडं आहे, तिथे माझी पिठाची चक्की. चक्कीवर बसणाऱ्याला गावातलं सगळं कळतं आणि बोलायची सोय नसते, कारण पट्टा फिरत असला की कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. माणसं त्या आवाजाच्या भरवशावर माझ्यापाशी येऊन बसतात. चुडामण रोज बसायचा.

चुडामण माझ्या वयाचा. गावच्या वन समितीचा अध्यक्ष. आमच्याकडे सोसायटीच्या अध्यक्षपदासाठी डोकी फुटतात, पण ज्यात मिरवायला काही नाही आणि शिव्या मात्र पोटभर, ते पद एखाद्या सरळ माणसाच्या गळ्यात पडतं. तसं ते चुडामणच्या गळ्यात पडलं. समितीने माथ्यावर चराईबंदी केली. सगळ्यांनी हात वर केले, कारण प्रत्येकाला वाटलं की बंदी शेजाऱ्याच्या जनावराला आहे. चुडामणला एकट्यालाच ती खरी वाटली.

आणि नेमक्या बकऱ्या सापडल्या त्या त्याच्या थोरल्या भावाच्या, उखर्डूच्या. अंजनाची कोवळी रोपं नुकती गुडघ्याला आली होती आणि बकरीला अंजनाचा पाला म्हणजे पुरणपोळी. चुडामणने कळप हाकत आणला आणि कोंडवाड्यात घातला. दुसऱ्या कोणी घातला असता तर उखर्डूने चार शिव्या देऊन सोडवून नेला असता. पण थोरल्याच्या बकऱ्या धाकट्याने कोंडवाड्यात घालाव्यात, हे आमच्या पंचक्रोशीत कोणी ऐकलं नव्हतं. उखर्डू कोंडवाड्याच्या फाटकाशी आला. आरडाओरडा केला नाही. सगळ्या गावादेखत एवढंच म्हणाला,

"तुले डोंगर भाऊपेक्षा मोठा वाटस ना? ऱ्हाय मंग डोंगरासंगे."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. घरं एकाच गल्लीत, मधे पाच-सहा दारं. एक बाहेर पडला की दुसरा चपला शोधायचं निमित्त करून आत थांबायचा.

डोंगर मात्र वाढला. अंजन उभा राहिला, धावडा, सलई आपणहून आली, कुसळी जाऊन चांगलं गवत आलं. चुडामण रोज वर जायचा. त्याची बायको कुंदाबाई वारली तेव्हा उखर्डू आला, तिरडीला खांदा दिला, अंघोळ केली आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. चुडामणची एकुलती एक लेक ज्योत्स्ना जळगावला पिंप्राळ्यात दिलेली. ती दिवसकार्य उरकून गेली आणि त्या घरात एक माणूस, एक चूल राहिली. संध्याकाळी तो माझ्या चक्कीवर येई, पिठाने पांढऱ्या झालेल्या बाकावर बसे आणि डोंगरावर काय काय दिसलं ते सांगे. ससा दिसला, मोर दिसला. ऐकायला मी एकटा, तोही अर्धं ऐकणारा. माणसाने इतकं चांगलं काम करावं आणि ते सांगायला त्याला पिठाच्या चक्कीवर यावं लागावं, याचा मला राग यायचा. अजून येतो.

सगळ्यात वाईट दिवस कानबाईचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, चण्याची डाळ काढतात. घरातला असो, परगावी असो, पाळण्यातला असो, नाव घेऊन मूठ काढायची. त्याचं पीठ, त्याचे जाड पोळीसारखे रोट, आणि ते खायचे फक्त कुळातल्यांनी. शेजाऱ्याला नाही, सोयऱ्याला नाही, लग्न करून दिलेल्या लेकीलाही नाही, कारण तिचं कूळ बदललं. टाकायचे तर मुळीच नाहीत. पुनवेच्या आत भाऊबंदांनी बसून संपवायचे. त्यांच्या घराची कानबाई थोरल्याकडे, म्हणजे उखर्डूकडे बसायची. चुडामण त्या रविवारी घराला कडी लावून डोंगरावर जायचा आणि अंधार पडला की उतरायचा. मी एकदा विचारलं, जात का नाहीस? तो म्हणाला, कोणी बोलावलं तर जाईन ना. एका शब्दाने तरी बोलवायला नको?

त्यांच्या कुळाच्या गोष्टीत पडायला मी बाहेरचा.

मग पाणी अडवायची एक सरकारी योजना आली. अशा योजना खूप येतात, फलक लावून जातात. पण हिच्याबरोबर कामिनी मॅडम आल्या. त्याही पिंप्राळ्याच्याच. ना खातं, ना खुर्ची, नुसती खांद्याला पिशवी. म्हणाल्या, एकट्या माथ्यावर जंगल होऊन भागत नाही, बर्डी माथ्यापासून नाल्यापर्यंत एक धरली तरच पाणी थांबेल. त्यासाठी सगळ्या पायऱ्यांवरच्या माणसांनी एकत्र बसलं पाहिजे. चुडामण इतकी वर्षं हेच सांगत ऑफिसांचे उंबरे झिजवत होता. वनवाले म्हणत महसूलला विचारा, महसूलवाले म्हणत जिल्ह्याला विचारा, जिल्ह्यात म्हणत तुमचा ठराव कुठे आहे. एकाने एकीकडे टोलवायचं, दुसऱ्याने दुसरीकडे, आणि मधे चुडामणचा चेंडू व्हायचा. त्या दिवशी मॅडमचं ऐकून तो माझ्याकडे आला आणि पहिल्यांदाच डोंगराचं काही न सांगता नुसता हसत बसला.

मॅडमने खरंच सगळ्यांना हलवलं. तलाठ्यापासून सुरुवात केली, मग तालुका, मग जिल्हा, मग मुंबईचं कोणी, शेवटी दिल्लीचं. कोणाचं हो फोनवर आलं, कोणाचं कागदावर. गावातले बायाबापडेही हो म्हणाले, कारण घळीने सगळ्यांचीच शेतं खाल्ली होती. राहिलं एकच दार. गायरान काही वर्षं चराईला बंद ठेवावं लागणार होतं, आणि गायरानावर आता नाव घेण्यासारखा कळप उखर्डूचाच उरला होता. बाकीच्यांनी बकऱ्या कधीच विकल्या होत्या.

सरपंच म्हणाले, बहुमताने ठराव करू, एकट्याचं काय घेऊन बसलात. कामिनी मॅडमने पिशवीचा बंद आवळला आणि शांतपणे सांगितलं, "दिल्लीपर्यंत सगळ्यांचं हो आलंय. पण ज्याची जनावरं तिथे चरतात त्याचं हो नसेल, तर मी हे काम पुढे नेणार नाही."

त्या स्वतः उखर्डूकडे गेल्या. त्याने चहा पाजला, बसायला घोंगडी टाकली, सगळं ऐकून घेतलं. त्याच्या बायकोने, यशोदाबाईने, शेंगा बांधून दिल्या. निघताना तो म्हणाला की पोरी, तुझं चांगलं आहे, पण विचारायला ज्याने यायला हवं तो आला नाही. मॅडमने हे येऊन चुडामणला सांगितलं. चुडामण म्हणाला की मी कसा जाऊ, त्याने मला डोंगरासंगे राहा म्हणून सांगितलंय. दिल्लीहून माणूस हलला, पण आमच्या गल्लीतली पाच-सहा दारं ओलांडून धाकटा थोरल्याकडे जाईना. मी त्याला चक्की बंद करून शिव्या दिल्या, म्हणजे नीट ऐकू याव्यात. त्याने त्या ऐकल्या आणि उठून घरी गेला.

होळीनंतर मोठी बैठक ठरली, बर्डीच्याच पायथ्याला, मांडव घालून; उखर्डूचं हो तिथे सगळ्यांसमोर मिळेल, अशी मॅडमला आशा होती. एवढ्या गाड्या आमच्या गावात कोणाच्या लग्नातही आल्या नव्हत्या. प्रत्येक पायरीचा माणूस आला होता आणि प्रत्येकाला आपल्या पायरीची खुर्ची हवी होती. वनवाले आणि महसूलवाले शेजारी बसले आणि कळलं की दोघं इतकी वर्षं अमळनेरात एकाच रस्त्यावर ऑफिसात बसतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. दिल्लीच्या साहेबांनी घळीत उतरून पाहिलं, वर येताना त्यांना दोघांनी हात दिला. भाषणं झाली. चुडामणला हार घातला. तो हार घालून उभा होता आणि सारखा गावाच्या वाटेकडे बघत होता. उखर्डू आला नाही.

जेवणं सुरू झाली तसा चुडामणने हार काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, चल. मी विचारलं नाही कुठे. आम्ही दोघं गावात आलो. गल्ली सामसूम होती, सगळं गाव मांडवात. उखर्डू ओट्यावर बसला होता. आणि त्याचा बकऱ्यांचा वाडा मोकळा होता. दोऱ्या खुंट्यांना गुंडाळून ठेवलेल्या, जमीन झाडलेली.

चुडामण ओट्याखाली उभा राहिला. वाड्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, बकऱ्या?"

"इकी टाक्यात," उखर्डू म्हणाला. "तुना गायरानले बंदी करनी व्हती ना? कर."

"तू हो म्हणं नही. मी इचारं बी नही अजून."

"मी वाट दखी तुनी. तू उना नही. मंग बकऱ्याच इकी टाक्यात, म्हणजे इचारानं कामच ऱ्हायनं नही."

त्यात राग नव्हता, हे मला त्या वेळी सगळ्यात जास्त लागलं. थकवा होता. मुलगा हेमराज सुरतेला साडीच्या मिलमध्ये, तो कधीचा बोलावत होता. उखर्डूचे गुडघे गेले होते आणि आता बकऱ्याही नव्हत्या. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की नवरा-बायको सुरतेला जाणार होते.

चुडामण हे ऐकून ओट्याच्या पायरीवरच बसला. म्हणाला की दोन-चार बकऱ्या ठेव, दारात बांध, पाला मी वरून रोज आणून देतो. उखर्डूने मान हलवली. बांधलेली बकरी सांभाळणं त्याला जमणार नव्हतं, तो आयुष्यभर तिच्यामागे हिंडलेला माणूस. मग चुडामणच्या तोंडून ते निघालं, इतक्या वर्षांचं.

"तू एक सबदनी माले कानबाईले बलावं नही, भाऊ."

उखर्डूने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"रोटले आवतन ऱ्हास का कोठे? आवतन दिधं ते तू पाव्हना व्हयना. तू काय पाव्हना शे?"

आतून यशोदाबाई आली. पदराने हात पुसत दारात उभी राहिली आणि मानेने नवऱ्याकडे दाखवत सांगू लागली, "दरसाल तुमना नावनी मूठ ली मी, भाऊ. एकबी साल सोडी नही. रोट मांडीसन ह्या दारकडे दखत बसेत. तुम्ही उनात नही का मंग तुमना वाटाना रोट ह्याच खायेत. दुसरा कोणले देयेत नही."

"गोड नही लागे," उखर्डू म्हणाला.

दोघांचंही बरोबर होतं, तेच वाईट होतं. भांडण झाल्यावर एका शब्दाने तरी बोलवावं, असं एकाला वाटलं. बोलावलं तर आपण त्याला परका केला असं होईल, असं दुसऱ्याला वाटलं. मूठ निघत राहिली आणि दार उघडं राहिलं, आणि माझा मित्र दर वर्षी त्याच दिवशी डोंगरावर एकटा बसून राहिला.

उखर्डू आमच्याबरोबर मांडवात आला, गुडघ्यावर हात ठेवत. त्याने सगळ्यांसमोर हात वर केला. मॅडमने टाळी वाजवली नाही, नुसता नमस्कार केला. अखाजीपर्यंत दोघं भाऊ रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे. चक्कीवरचा बाक रिकामा राहिला तरी मला बरं वाटायचं.

जायच्या दिवशी उखर्डूने ज्याची कानबाई मांडतात तो नारळ चुडामणच्या हातात दिला, चांदीचे डोळे, नथ, सगळ्यासकट. त्यांच्या घराची रीत अशी की कानबाई गावाची शीव ओलांडत नाही. "नागपंचमीले येतस आम्ही बठ्ठा, पोरगाबी, नातूबी," तो म्हणाला. "मांडी ठेवजो." एसटीच्या खिडकीतून यशोदाबाईने सांगितलं की दळण धुतलेल्या चक्कीवर काढा, आणि मूठ काढताना नाव मोठ्याने घ्या.

काम झपाट्याने झालं. वनखात्याचे चर हद्दीच्या दगडापलीकडे गेले, महसूलच्या उतारावरून वळत गायरानात आले. घळीत दगडी बांध पडले. पाऊस लागला तेव्हा गावाने पहिल्यांदा पाहिलं की बर्डीवरून पाणी गढूळ न होता, पायी चालत आल्यासारखं येतं. चुडामण ते बघायला भिजत उभा राहिला. गायरानावर गवत कमरेइतकं आलं. त्यात एकही घंटी वाजत नव्हती.

नागपंचमी झाली. चुडामणने घर सारवलं, अंगणात मांडव घातला, खाटा मागून आणल्या. शनिवारी तो चक्कीवर बसला असताना सुरतेहून फोन आला. हेमराजला मिलमधून सुट्टी मिळत नव्हती. उखर्डूचे गुडघे इतके सुजले होते की त्याला गाडीत चढवणंही शक्य नव्हतं, आणि त्याला सोडून यशोदाबाई कशी निघणार. मी चक्की थांबवली, म्हणून मला पलीकडचं ऐकू आलं.

"मनी मूठ काढजो," उखर्डू म्हणत होता. "आनि तूच खाई टाक. इतला साल मी तुनी खाधी."

चुडामणने हो म्हणून फोन खिशात ठेवला. मग म्हणाला की चक्की धुऊन ठेव, सकाळी येतो.

रोटाचं दळण बायका आणतात. त्या रविवारी माझ्या चक्कीवर बायकांची रांग होती आणि मधे हा एकटा पुरुष, डोक्यावर टोपली. बायकांनी त्याला पुढे होऊ दिलं. दळण सुरू करण्याआधी मी विचारलं, सगळ्यांची काढली ना? उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने नावंच सांगितली. उखर्डू. हेमराज. हेमराजचा लेक प्रेमराज. आणि चुडामण. मी पट्टा सुरू केला.

त्याने कानबाई मांडली. ओबडधोबड का होईना, रोट भाजले, खीर केली, डांगराची भाजी केली. माझी बायको भिकूबाई दारातून सांगत होती, पीठ सैल करा, आच कमी करा, पण तिला हात लावता येत नव्हता. सोमवारी मिरवणुकीत तो आमच्या बायकांच्या मागून कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन नाल्यापर्यंत गेला आणि नारळ भिजवून परत आणला.

मंगळवारी मी त्याच्याकडे गेलो, कारण चक्कीवरचा रिकामा बाक मला बघवेना. तो चुलीपुढे बसला होता. समोर चार ताटं मांडली होती आणि चारही ताटांत रोट वाढले होते. पीठ सगळ्यांचं एकत्र दळलेलं, कोणाचा रोट कोणता हे कसं कळणार? तरी त्याने एका ताटाला हात लावला आणि म्हणाला, हा भाऊचा. आधी तो खायला घेतला.

मी उंबऱ्याबाहेर बसलो. इतक्या वर्षांचा मित्र मी, त्याच्या बायकोला अग्नी दिला तेव्हा त्याला धरून उभा होतो, पण त्या अन्नातला एक घास मला घेता येत नव्हता आणि त्याला देता येत नव्हता. मागच्या दारातून बर्डी दिसत होती, माथ्यापासून पायथ्यापर्यंत हिरवी, मधे कुठे तुटलेली नाही. तो सावकाश चावत होता. एक रोट संपवून तो पाणी प्यायला.

"खरं सांगे भाऊ," तो म्हणाला. "गोड नही लागस."

मग त्याने हेमराजचं ताट पुढे ओढलं. पुनवेला अजून दोन-तीन दिवस होते आणि टोपलीत रोट बरेच उरले होते.